पिशवी काढली, तरी दुखणं का राहतं? बीडच्या बातम्या आणि उंदरांवरचं संशोधन

थोडक्यात

- बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढली जाण्याच्या बातम्या २०१९ पासून येत आहेत. २०२५ मध्ये त्या पुन्हा आल्या.
- यातल्या अनेक जणी दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतरही अनेकींचं दुखणं थांबलेलं नाही.
- वेदना अवयवात सुरू होते, पण ती टिकते मज्जातंतूंत आणि मज्जारज्जूत. तिथे काम करणाऱ्या न्यूरोपेप्टाइड नावाच्या रेणूंबद्दल आपल्याला जे कळलं, ते बहुतांशी उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं.
- शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी काय विचारायचं आणि शस्त्रक्रिया आधीच झाली असेल तर आता काय करायचं, हे लेखाच्या शेवटी दिलं आहे.

जून २०२५ मध्ये बीड जिल्ह्याच्या आरोग्य तपासणीतले आकडे बातम्यांत आले. ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांच्या तपासणीत ८४३ जणींची गर्भपिशवी काढलेली असल्याची नोंद होती. त्याच तपासणीत १,५२३ महिला गरोदरपणात ऊसतोडीला गेल्याचंही दिसलं. दोन दिवस चर्चा झाली आणि मग विषय मागे पडला.

तुम्ही बीडचे, धारूरचे, वडवणीचे, पाटोद्याचे असाल तर या बातमीत तुम्हाला नवल वाटलं नसेल. तुमच्या घरात, भावकीत किंवा शेजारी पिशवी काढलेली एखादी बाई असेलच. कदाचित ती तुम्ही स्वतःच असाल. आणि तुम्हाला हेही माहीत असेल की पिशवी काढून पाच-सात वर्षं झाली तरी तिची कंबर दुखतेच, पायात गोळे येतातच, रात्री अंगातून वाफा निघतातच.

या लेखात आपण त्या दुखण्याबद्दल बोलणार आहोत. कोणी पैसे कमावले आणि कोणी परवानगी दिली, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यावर बरंच लिहून आलं आहे. पण डॉक्टर म्हणून मला एक प्रश्न जास्त छळतो. जे दुखणं घेऊन ती बाई दवाखान्यात आली, त्याचं पुढे काय झालं?

## आकडे काय सांगतात?

एप्रिल २०१९ मध्ये बीडच्या काही गावांतल्या महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची बातमी इंग्रजी वृत्तपत्रात आली आणि राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. जूनमध्ये विधिमंडळात सरकारने सांगितलं की २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

म्हणजे सुमारे १७ टक्के, साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या महिलांमध्ये देशपातळीवर हे प्रमाण ३ टक्क्यांच्या थोडं वर आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धत सारखी नाही, त्यामुळे काटेकोर तुलना करू नये. तरी फरक एवढा मोठा आहे की तो पद्धतीमुळे पडला असं म्हणता येत नाही.

आता याच अहवालातला कमी चर्चिलेला आकडा पाहा. गर्भाशय काढलेल्या महिलांपैकी सुमारे ४५ टक्के जणींनी शारीरिक किंवा मानसिक त्रासाची तक्रार केली होती. पिशवी काढली की सगळं बरं होईल, असं सांगून जी शस्त्रक्रिया केली जाते, तिच्यानंतर जवळजवळ निम्म्या महिला त्रासात आहेत.

असं का होतं, हे समजायला आधी कामाकडे आणि मग नसांकडे बघावं लागेल.

## दवाखान्यात कोणतं दुखणं येतं?

दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम बुडालं तर मुकादम खाडा लावतो. पहाटे काळोखात उठायचं, वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. राहायला कोपी. जवळ संडास नाही, पुरेसं पाणी नाही, पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही.

या परिस्थितीतून चार वेगवेगळी दुखणी तयार होतात.

1. कमरेचं दुखणं. वाकून काम आणि डोक्यावरचं ओझं यामुळे स्नायू, मणके आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण येतो.
2. ओटीपोटातलं दुखणं आणि अंगावरून पांढरं जाणं. याचं मोठं कारण जंतुसंसर्ग. बहुतेक वेळा तो औषधांनी बरा होतो.
3. पाळीत खूप रक्त जाणं आणि पोटात कळा. कारणं अनेक: हार्मोनचं असंतुलन, गाठी, एंडोमेट्रिओसिस.
4. लघवीची जळजळ. पाणी कमी पिणं आणि लघवी दाबून धरणं यातून होणारा संसर्ग.

दवाखान्यात ही चारही दुखणी एका वाक्यात येतात: "कंबर आणि ओटीपोट दुखतंय." तपासणीला वेळ नसेल, सोनोग्राफीत पिशवीला थोडी सूज दिसली आणि "पुढे कॅन्सर होईल" असं कोणी म्हणालं, तर चारही दुखण्यांवर एकच इलाज ठरतो. अनेक महिलांनी पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना हेच सांगितलं आहे.

चारही दुखणी एकाच जागी का जाणवतात, याला शरीररचनेचं कारण आहे. गर्भाशयाकडून निघणारे वेदनातंतू पाठीच्या ज्या पातळीवर मज्जारज्जूत शिरतात, त्याच पातळीवर कमरेच्या आणि पोटाच्या खालच्या भागातल्या स्नायूंचे आणि कातडीचे तंतूही शिरतात. पुढची वाट काही अंशी सामाईक असते. त्यामुळे मेंदूला नेमकं ठिकाण सांगता येत नाही. गर्भाशयाचं दुखणं कमरेत जाणवतं आणि कमरेचं दुखणं पिशवीचं वाटतं. म्हणूनच केवळ "कुठे दुखतं" यावरून निदान करता येत नाही.

## न्यूरोपेप्टाइड म्हणजे काय?

मज्जातंतूंची टोकं एकमेकांना रसायनांमार्फत निरोप देतात. यातली काही रसायनं झटपट काम करून संपतात. न्यूरोपेप्टाइड त्यांच्याहून वेगळे. ते अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या असतात, तंतू जोरात किंवा सतत उत्तेजित झाला की बाहेर पडतात, थोडे लांबवर पसरतात आणि त्यांचा परिणाम जास्त वेळ टिकतो. समोरच्या पेशीवर त्यांना ओळखणारी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. पेप्टाइड रिसेप्टरला चिकटलं की त्या पेशीचं वागणं काही काळ बदलतं.

वेदनेच्या बाबतीत तुम्ही चार नावं लक्षात ठेवा.

- सबस्टन्स पी. १९३१ मध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांनी घोड्याच्या मेंदूतून आणि आतड्यातून काढलेल्या अर्कात हे सापडलं. ११ अमिनो आम्लांची ही साखळी आहे. तिचा मुख्य रिसेप्टर एनके-१.
- सीजीआरपी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडलेलं पेप्टाइड. ते रक्तवाहिन्या रुंदावतं आणि वेदनातंतूंना जास्त संवेदनशील करतं.
- एन्केफॅलिन आणि एंडॉर्फिन. शरीराची स्वतःची वेदनाशामकं. १९७५ मध्ये ॲबर्डीनच्या ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन ओळखलं. मॉर्फिन ज्या रिसेप्टरांवर काम करतं, त्यांवरच हे काम करतात.
- न्यूरोकायनिन बी. सबस्टन्स पीच्याच कुटुंबातलं. याचा रिसेप्टर एनके-३. याचा वेदनेशी थेट संबंध कमी, पण अंगातून निघणाऱ्या वाफांशी मोठा आहे. त्याकडे पुढे येऊ.

मिरच्या कुटल्यावर हाताची आग होते, ती घरबसल्या दिसणारं उदाहरण आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन वेदनातंतूंना चेतवतं आणि त्यांच्या टोकांतून सबस्टन्स पी आणि सीजीआरपी बाहेर पडतात. कातडी लाल होते आणि नंतर साधा स्पर्शही झोंबतो. मिरची धुऊन टाकली तरी आग लगेच जात नाही, हे तुम्ही अनुभवलं असेल. ही गोष्ट लक्षात ठेवा. कारण काढून टाकलं तरी वेदना काही काळ उरते. कारण बराच काळ टिकलेलं असेल, तर ती खूप काळ उरू शकते.

## उंदरांनी काय शिकवलं?

१९९७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मिनेसोटातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मज्जारज्जूच्या वरच्या थरात काही पेशींवर एनके-१ रिसेप्टर असतात. संशोधकांनी सबस्टन्स पीला एक विष जोडलं आणि ते मोठ्या उंदरांच्या मज्जारज्जूभोवती सोडलं. विष फक्त एनके-१ असलेल्या पेशींत शिरलं आणि त्या पेशी नष्ट झाल्या.

पुढचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. या उंदरांची सौम्य, नेहमीच्या वेदनेला मिळणारी प्रतिक्रिया तशीच राहिली. पण कॅप्सेसिन टोचल्यावर जी वाढीव संवेदनशीलता यायला हवी होती, ती बरीच कमी झाली. दोन वर्षांनी त्याच गटाने दाखवलं की सूज आणि नसेच्या इजेमुळे येणाऱ्या टिकाऊ वेदनेतही असंच घडतं.

याचा अर्थ असा की ताजी वेदना आणि मुरलेली वेदना यांच्या वाटा थोड्या वेगळ्या आहेत. मुरलेल्या वेदनेत मज्जारज्जूतल्या पेशीच बदलतात, कमी इशाऱ्यालाही जास्त प्रतिसाद देऊ लागतात. डॉक्टर याला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. याचा अर्थ "दुखणं मनाचं आहे" असा नाही. बदल शरीरातच, मज्जारज्जूत झालेला असतो. सोनोग्राफीत मात्र तो दिसत नाही.

आता बीडकडे परत या. दहा वर्षं ओझं वाहिलेल्या, वारंवार संसर्ग झालेल्या बाईच्या मज्जारज्जूत हा बदल झालेला असू शकतो. तिचं गर्भाशय काढलं तर गर्भाशयाकडून येणारे इशारे थांबतील. मज्जारज्जूतला बदल आपोआप जाणार नाही, आणि कमरेकडून येणारे इशारे तर चालूच राहतील, कारण ती दोन महिन्यांत पुन्हा मोळी उचलणार आहे.

माणसांतला पुरावाही याच दिशेने जातो. डेन्मार्कमध्ये गर्भाशय काढलेल्या महिलांची देशव्यापी पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर एक वर्षाने सुमारे ३२ टक्के महिलांना ओटीपोटात वेदना होत होती. ज्यांना आधीपासून ओटीपोटात किंवा शरीरात इतरत्र वेदना होती आणि ज्यांचं आधी सिझेरियन झालं होतं, त्यांच्यात हा धोका जास्त होता. चांगल्या आरोग्यसेवेच्या देशात, जिथे शस्त्रक्रियेनंतर विश्रांती मिळते, तिथलं हे चित्र आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गर्भाशय काढणं काही वेळा योग्य आणि जीव वाचवणारा उपचार असतो. कर्करोग, खूप मोठ्या गाठी, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव अशा महिलांना त्याने खरा आराम मिळतो. आक्षेप आहे तो निदानाआधीच ठरलेल्या शस्त्रक्रियेला.

## उंदरांनी कुठे फसवलं?

सबस्टन्स पी अडवलं की वेदना थांबेल, असं उंदरांवरून वाटत होतं. १९९८ मध्ये हे पेप्टाइड न बनवणारे उंदीर तयार झाले आणि त्यांची तीव्र वेदनेला मिळणारी प्रतिक्रिया कमी आढळली. औषध कंपन्यांनी एनके-१ अडवणारी औषधं बनवली. माणसांवर चाचण्या झाल्या: सांधेदुखी, मायग्रेन, मधुमेहातलं नसांचं दुखणं. जवळपास सगळ्या अपयशी ठरल्या. त्यातलं एक औषध, ॲप्रेपिटंट, २००३ मध्ये भलत्याच कामासाठी मंजूर झालं. केमोथेरपीनंतरच्या उलट्या थांबवायला ते आजही वापरतात.

असं का झालं? दोन कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं, उंदीर बोलत नाही. त्याच्या पायाला उष्णता दिली की तो किती सेकंदांत पाय मागे घेतो, हे मोजतात. ते प्रतिक्षिप्त क्रियेचं मोजमाप झालं. रात्रभर ठसठसणारी कंबर, कामावर जाण्याची धास्ती, झोप न लागणं, हे त्या सेकंदांत मावत नाही.

दुसरं, बहुतेक उंदीर नर होते. 'पेन' या नियतकालिकातल्या दहा वर्षांच्या प्राणी-संशोधनाची झाडाझडती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. किमान ७९ टक्के अभ्यास फक्त नरांवर झाले होते. माद्यांच्या हार्मोनच्या चक्रामुळे निकाल गुंतागुंतीचे होतील, असं कारण दिलं जाई. गंमत अशी की टिकाऊ वेदनेचे रुग्ण स्त्रियांमध्ये जास्त आहेत.

नर-मादी फरक किरकोळ नाही. २०१५ मध्ये कॅनडातल्या एका गटाने दाखवलं की नर उंदरांत टिकाऊ वेदना मायक्रोग्लिया या पेशींवर अवलंबून असते, तर माद्यांमध्ये ती त्यांच्याशिवायही टिकते. २०१९ मध्ये आणखी एक निष्कर्ष आला. मेंदूच्या आवरणावर सीजीआरपी सोडलं तर मायग्रेनसारखी वर्तणूक फक्त माद्यांमध्ये दिसली, नरांमध्ये नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून संशोधकांना प्राण्यांच्या लिंगाचाही विचार करायला सांगितलं आहे. तरी आज जे ज्ञान दवाखान्यात वापरलं जातं, त्यातलं बरंचसं त्याआधीचं आहे.

ऊसतोड बाईच्या दुखण्याकडे दुर्लक्ष झालं, ते फक्त मुकादमाकडून किंवा एखाद्या दवाखान्याकडून नव्हे. स्त्रीचं दुखणं प्रयोगशाळेतही मागेच राहिलं होतं.

## कुठे यश आलं?

सीजीआरपीची गोष्ट चांगली संपली. उंदरांपासून सुरू झालेलं काम माणसांपर्यंत टिकलं. सीजीआरपीच्या रिसेप्टरला अडवणारं पहिलं इंजेक्शन, एरेनुमॅब, २०१८ मध्ये अमेरिकेत मायग्रेनसाठी मंजूर झालं. या शोधासाठी चार संशोधकांना २०२१ चा ब्रेन प्राइझ मिळाला.

ओटीपोटाच्या दुखण्यासाठी याहून जवळची बातमी नोव्हेंबर २०२४ मधली आहे. बोस्टनच्या संशोधकांनी एंडोमेट्रिओसिस झालेल्या उंदरांवर काम केलं. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती पोटात इतरत्र वाढते आणि पाळीत असह्य कळा येतात. त्यांना दिसलं की वेदनातंतू सीजीआरपी सोडतात, त्यामुळे तिथल्या रोगप्रतिकारक पेशींचं वागणं बदलतं आणि आजाराची ऊती वाढायला मदत होते. मायग्रेनसाठी आधीच मंजूर असलेली सीजीआरपीविरोधी औषधं दिल्यावर उंदरांची वेदनाही कमी झाली आणि ऊतीही आक्रसली.

उत्साह वाटावा असा हा निष्कर्ष आहे. पण सबस्टन्स पीचा धडा विसरू नका. उंदरात चाललं म्हणजे माणसात चालेल असं नाही. ओटीपोटाच्या दुखण्यासाठी मायग्रेनचं औषध कोणी सुचवलं, तर आज ते सिद्ध झालेलं नाही हे लक्षात ठेवा.

## पिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तर?

इथे न्यूरोकायनिन बीचा संबंध येतो.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. शरीराचं तापमान सांभाळणं हे त्याचं एक काम. तिथल्या काही पेशी न्यूरोकायनिन बी बनवतात. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन त्यांना आवरून धरतं. इस्ट्रोजेन बंद झालं की या पेशी फुगतात आणि जास्त न्यूरोकायनिन बी सोडतात. शेजारच्या तापमान-केंद्राला वाटतं, शरीर तापलंय. कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. याच त्या वाफा. ॲरिझोना विद्यापीठातल्या नेओमी रान्स यांनी पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मेंदूत या फुगलेल्या पेशी पाहिल्या आणि पुढे मादी उंदरांवर दाखवलं की या पेशी काढल्या तर शेपटीच्या कातडीचं तापमान उतरतं.

या ज्ञानातून औषधं आली. एनके-३ अडवणारं फेझोलिनेटंट मे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. यकृताला इजा होऊ शकते म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर ठळक इशारा आला. एनके-१ आणि एनके-३ दोन्ही अडवणारं एलिन्झानेटंट ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झालं.

मात्र या औषधांच्या मोठ्या चाचण्या ४० ते ६५ वयाच्या महिलांवर झाल्या. बीडच्या ज्या बाईचं अंडाशय तिशीत काढलं गेलं, ती या वयोगटात बसतच नाही. शिवाय ही औषधं मुख्यतः वाफा कमी करतात. इस्ट्रोजेन अचानक बंद झाल्याने हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, सांधे दुखतात, झोप आणि मन बिघडतं. यातल्या बहुतेक गोष्टींवर ती उतारा नाहीत. ४५ वर्षांच्या आत दोन्ही अंडाशयं काढली गेली असतील, तर पहिला विचार हार्मोन उपचाराचा व्हायला हवा. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार नसेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत तो देण्याची शिफारस आहे. हा उपचार जुना आहे, त्यासाठी नव्या औषधांची वाट पाहायची गरज नाही.

अंडाशयं ठेवली असली तरी गर्भाशय काढल्यावर ती काही महिलांमध्ये लवकर थकतात. पाळी येत नसल्याने ते कळतही नाही. तेव्हा वाफा, झोप न लागणं, योनीचा कोरडेपणा यांकडे लक्ष ठेवा.

## शस्त्रक्रिया सुचवली असेल तर हे विचारा

1. माझं नेमकं निदान काय? ते कागदावर लिहून द्या.
2. हे दुखणं कमरेचं, लघवीचं की गर्भाशयाचं, हे कशावरून ठरवलं?
3. संसर्गाचं पूर्ण औषध दिलं का? नवऱ्यालाही उपचार लागतील का?
4. रक्तस्रावासाठी गोळ्या किंवा हार्मोन असलेली तांबी चालेल का?
5. कॅन्सरची भीती असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी किंवा अस्तराचा तुकडा तपासला का? पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे.
6. अंडाशयं काढणार का? का?
7. शस्त्रक्रियेनंतर किती दिवस ओझं उचलायचं नाही?

दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, शक्यतो जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली गेली. सर्वोच्च न्यायालयानेही ५ एप्रिल २०२३ च्या निकालात अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सर्व राज्यांना सांगितलं. परवानगी घेतली का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

थांबू नका, लगेच दवाखाना गाठा: पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, तापासह ओटीपोटात तीव्र दुखणं, खूप रक्त जाऊन चक्कर येणं, पायात बधिरपणा किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं.

## पिशवी आधीच काढली असेल तर

- डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर "बी.एस.ओ." किंवा "उफोरेक्टॉमी" असं लिहिलं असेल तर अंडाशयं काढली आहेत. कार्ड नसेल तर रुग्णालयाकडून प्रत मागा.
- दुखण्याची वही ठेवा. कधी दुखतं, कशाने वाढतं, झोप किती लागते, हे आठवडाभर लिहा किंवा मुलीकडून लिहून घ्या. डॉक्टरला निम्मं निदान इथेच मिळतं.
- कमरेचा वेगळा उपचार घ्या. व्यायाम, फिजिओथेरपी आणि ओझं कमी करणं यांचा उपयोग होतो. रोज मेडिकलमधून गोळी घेऊन काम रेटू नका, मूत्रपिंड आणि जठराला इजा होते.
- मुरलेल्या वेदनेची औषधं वेगळी असतात. ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिनसारखी औषधं मेंदू आणि मज्जारज्जूतली वेदनेची संवेदनशीलता कमी करण्यासाठी देतात. ती मूळची मानसिक आजाराची म्हणून ओळखली जातात. चिठ्ठीवर दिसली तर "मला वेडी ठरवलं" असं समजू नका.
- हाडं, रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासा. अंडाशयं लवकर गेली असतील तर हे टाळू नका.

## पुढच्या बातमीत काय पाहाल?

पुढच्या हंगामात पुन्हा आकडा येईल. तो ८४३ हून कमी असला तर सरकार आनंद व्यक्त करेल. तुम्ही त्यासोबत आणखी तीन आकडे मागा. किती फडांवर संडास आणि पाणी आहे? पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसांचा खाडा किती टोळ्यांत बंद झाला? आणि ज्यांची गर्भाशयं आधीच काढली गेली, त्या हजारो महिलांपैकी किती जणींच्या दुखण्याची शस्त्रक्रियेनंतर कोणी विचारपूस केली?

पहिले दोन आकडे सुधारले तर मज्जारज्जूपर्यंत वेदना मुरण्याची वेळच कमी जणींवर येईल. तिसऱ्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. हंगामाआधीच्या आणि नंतरच्या तपासणीच्या कागदावर एक रकाना वाढवला तरी पुरे: "दुखतं का, आणि कधीपासून?"

*हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या त्रासासाठी डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. चालू औषधं स्वतःहून बंद करू नका किंवा बदलू नका.*